नावाचा फोटो म्हणजे नोंद नव्हे

बुलढाणा तालुक्यात पैनगंगेच्या काठी वसलेल्या गावाचे नाव कोणी देऊळघाट लिहितो, कोणी देउळघाट, आणि बोलण्याच्या ओघात त्याचे देवळघाटही होते. जिल्ह्याच्या नावाचेही तसेच आहे. सरकारी कागदांवर, वर्तमानपत्रांत आणि पाट्यांवर बुलढाणा आणि बुलडाणा ही दोन्ही रूपे वर्षानुवर्षे शेजारी शेजारी नांदत आली आहेत. वाचणाऱ्याला त्यात काही खटकत नाही. तलाठ्याला, पोस्टमनला, गावच्या सरपंचाला गाव कोणते ते ठाऊक असते. संगणकाला मात्र यातले प्रत्येक रूप वेगळे गाव वाटते, आणि ज्या काळात पीककर्ज, पीकविमा, अतिवृष्टीची मदत आणि वारसनोंद या सगळ्यांचा रस्ता संगणकातून जातो, त्या काळात यंत्राचा हा समज शेतकऱ्याच्या खिशापर्यंत पोहोचतो. सरकारी डेटाबेसात नावे कशी साठवली जातात आणि जुन्या कागदांची छायाचित्रे कशी साठवली जातात, हा विषय आजवर संगणकवाल्यांवर सोडून दिलेला आहे. तो तसा सोडून चालणार नाही. मजकूर मजकुराच्या रूपात आणि प्रतिमा प्रतिमेच्या रूपात, दोन्ही अखंड आणि एकमेकांशी जोडलेल्या ठेवायच्या, हा नियम महाराष्ट्राने स्वतःला घालून घेतला पाहिजे. त्याचा संबंध थेट मालकी हक्काशी आहे.

आधी साठवणीचे स्वरूप समजून घेऊ. संगणकाच्या आत अक्षर नसते आणि चित्रही नसते. तिथे असतात बाइट, म्हणजे शून्य ते २५५ यांमधले आकडे. अशा आकड्यांच्या सलग माळेतून मजकूर उभा राहतो, तेव्हा प्रोग्रामर तिला स्ट्रिंग म्हणतात. देऊळघाट हे नाव आपल्याला पाच अक्षरांचे दिसते. युनिकोड या सर्व लिपींसाठीच्या सामाईक संकेताच्या हिशेबात त्यात सात चिन्हे आहेत: द, त्यावरची मात्रा, ऊ, ळ, घ, काना आणि ट. यूटीएफ-८ या आज सर्वत्र चालणाऱ्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणून हे नाव २१ बाइटांचे होते. हेच २१ आकडे एखाद्या प्रणालीने जुन्या युरोपीय संकेताने वाचले, तर पडद्यावर स्वरचिन्हे डोक्यावर घेतलेली रोमन अक्षरे आणि चलनाच्या खुणा उमटतात. आकडे तेच राहतात, करार तेवढा बदललेला असतो. छायाचित्राचेही असेच. जेपीईजी फाइलचे पहिले काही बाइट ती फाइल कोणत्या जातीची आहे हे सांगतात आणि पुढचा सगळा अर्थ त्यावरून लागतो. म्हणजे आकड्यांसोबत त्यांच्या अर्थाचा करारही जपावा लागतो. तो हरवला की साठवण शाबूत असूनही नोंद मेलेली असते. आपल्याकडे हा करार दोन्ही बाजूंनी मोडला गेला आहे. मजकूर चित्रासारखा साठवला गेला आणि चित्रे मजकुरासारखी.

यात एवढे काय अडले, असे वाटणाऱ्याने महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ उघडावी. तिच्या १५७ व्या कलमानुसार अधिकार अभिलेखातली नोंद, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, खरी मानली जाते. सातबारावर भोगवटादाराच्या रकान्यात जे नाव आहे त्याच्या बाजूने कायदा उभा राहतो. आपले नाव तिथे नाही किंवा चुकले आहे असे म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचे. १५५ वे कलम लेखनप्रमाद दुरुस्त करण्याचा मार्ग देते, पण त्यासाठी अर्ज, चौकशी आणि तहसीलदारांचा आदेश लागतो. हाताने लिहिलेल्या काळात वेलांटीची चूक ही फक्त वेलांटीची चूक होती; वाचणारा ती मनातल्या मनात सुधारून घेई. आता वाचणारे यंत्र आहे. २०१९ पासून पीएम-किसानचे हप्ते थेट खात्यात येतात आणि २०२४ च्या अखेरीपासून राज्यात ॲग्रिस्टॅक या शेतीविषयक डिजिटल योजनेखाली शेतकरी ओळख क्रमांक देण्याचे काम सुरू झाले. या सगळ्यात सातबारावरचे नाव, आधारवरचे नाव आणि बँकेतले नाव एकमेकांशी जुळवले जाते. त्यात आधारवरचे मराठी नाव बहुतेक वेळा रोमन लिपीतल्या नावावरून यंत्राने केलेले लिप्यंतर असते. रोमन लिपीत ण आणि न, ळ आणि ल, ट आणि त यांच्यात भेद नाही. देऊळघाट रोमनमध्ये गेले आणि परत आले तर देउलघात होऊन येऊ शकते. आडनावांचे याहून वाईट होते.

हा गोंधळ नेमका कुठून आला? भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणाला देशात १९८८-८९ मध्ये आठ जिल्ह्यांत प्रायोगिक सुरुवात झाली, आणि महाराष्ट्रातून त्यासाठी विदर्भातलाच वर्धा जिल्हा निवडला होता. तेव्हा युनिकोड अस्तित्वात नव्हते. भारतीय लिपींसाठी इस्की नावाचा संकेत होता, १९९१ मध्ये त्याला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला, आणि पुण्याच्या सी-डॅकने त्यावर आधारित साधने दिली. पण पुढे विंडोज आले आणि कचेऱ्याकचेऱ्यांत, छापखान्यांत, वृत्तपत्रांत वेगळीच रीत रुळली. डीव्हीबी-टीटी सुरेख, योगेश, श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा फाँटांत रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले होते. पडद्यावर मराठी दिसे, आत मात्र रोमन अक्षरेच साठत. विदर्भ हा शब्द घ्या. फाँटच्या पद्धतीत पहिली वेलांटी व च्या आधी साठते आणि रफार भ च्या नंतर, कारण दिसण्याचा क्रम तोच असतो. युनिकोडमध्ये व आधी येतो, वेलांटी मागून, आणि र भ च्या आधी, कारण तो उच्चाराचा क्रम आहे. म्हणजे फाँटातली विदा (डेटा) मुळात मजकूर नव्हतीच. ते अक्षरांच्या आकारांचे चित्र होते, फक्त चित्राच्या फाइलऐवजी स्ट्रिंगच्या रकान्यात भरलेले. केंद्र सरकारने २००९ मध्ये ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक ठरवले, त्याआधीची वीस वर्षे अशा साठवणीत गेली. तो सगळा वारसा रूपांतर करून पुढे आणावा लागला आणि प्रत्येक रूपांतरात काही वेलांट्या, काही रफार, काही जोडाक्षरे जागा सोडून गेली.

युनिकोड आल्यावर प्रश्न सुटला, असे मानणाऱ्यांना मराठीची एक अडचण ठाऊक नसते. शेतकऱ्याचे, दुसऱ्याचे, वऱ्हाड या शब्दांतला अर्धा र युनिकोडमध्ये दोन मार्गांनी लिहिता येतो. एका मार्गात साधा र, पायमोडीचे चिन्ह आणि डोळ्याला न दिसणारे जोडचिन्ह असते. दुसऱ्या मार्गात टिंबाच्या र साठी दिलेला स्वतंत्र संकेत वापरतात. पडद्यावर आणि छापील कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, बाइट मात्र वेगळे असतात, आणि युनिकोडची स्वतःची सामान्यीकरणाची पद्धतही या दोघांना एक करत नाही. त्यात भर म्हणजे एखाद्या प्रणालीने ते अदृश्य जोडचिन्ह निरुपयोगी समजून पुसले की शेतकऱ्याचे हा शब्द शेतकर्याचे असा होतो. सरकारी संकेतस्थळांवर आणि बातम्यांतही हे चुकीचे रूप वाचकांनी कितीदा तरी पाहिले असेल. ते टंकणाऱ्याचे अज्ञान असेलच असे नाही. अनेकदा मधल्या एखाद्या यंत्रणेने चिन्ह गिळलेले असते. ॲ या अक्षराचेही असेच. त्याला २००८ मध्ये युनिकोडात स्वतंत्र जागा मिळाली, पण त्याआधीपासून लोक अ ला चंद्र जोडून ते लिहीत होते आणि आजही लिहितात. परिणामी ॲड. या उपपदाने सुरू होणारे नाव एका यादीत सापडते, दुसऱ्या यादीत सापडत नाही, आणि शोधणाऱ्याला आपले काय चुकले ते कळायला मार्ग नसतो. राज्य सरकारने २००९ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये मराठीची प्रमाण वर्णमाला आणि अक्षरलेखन ठरवणारे शासननिर्णय काढले. अक्षर दिसायचे कसे याची ती काळजी होती आणि ती योग्यच होती. ते अक्षर साठवायचे कसे, याची काळजीही तितक्याच अधिकृतपणे घेतली पाहिजे.

फाँटाच्या गोंधळात निदान मूळ आकडे टिकून असतात आणि फाँट कोणता होता हे कळले की मजकूर परत मिळवता येतो. परत न येणारे नुकसान वेगळेच. पावतीवर किंवा प्रमाणपत्रावर नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग छापून येते, ती अनेकांनी पाहिली असेल. युनिकोड न समजणाऱ्या रकान्यात देवनागरी मजकूर ढकलला की काही डेटाबेस प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह साठवतात. तिथे मूळ नाव उरतच नाही. ते कोणालाही, कोणत्याही साधनाने परत आणता येत नाही. रकान्याच्या लांबीचेही तसेच. ओरॅकलच्या डेटाबेसमध्ये वेगळे काही सांगितले नाही तर ५० लांबीचा रकाना म्हणजे ५० बाइट. रोमनमध्ये त्यात ५० अक्षरे बसतात, देवनागरीची १६ चिन्हे. औरंगाबाद या नावाला २४ बाइट पुरत होते, छत्रपती संभाजीनगर या नावाला मधली मोकळी जागा धरून ४९ लागतात. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव बदलले, तेव्हा चाळीस बाइटांचा रकाना ठेवणाऱ्या कोणत्याही प्रणालीत नवे नाव मावणारच नव्हते. इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून आखलेल्या रकान्यात मराठी नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव कोंबायचे आणि शेपूट कापले गेले की ‘नाव जुळत नाही’ असा शेरा मारायचा, हा अन्याय आहे. तो कोणी हेतूने केला नसला तरी त्याची झळ कमी होत नाही.

आता दुसरी बाजू, म्हणजे कागदांची छायाचित्रे. राज्याने जुने सातबारे, फेरफार, टिपणे, नकाशे स्कॅन करण्याचे मोठे काम हाती घेतले, आणि ते अत्यावश्यक होते. कागद वाळवी खाते, ओल खाते, घडीवर फाटतो. पण स्कॅन म्हणजे प्रतिमा. तिच्यात नाव दिसते, सापडत नाही. २०२३ च्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा हा फरक उभ्या महाराष्ट्राने अनुभवला. गावोगावची जुनी दप्तरे, कित्येक मोडी लिपीत आणि मराठवाड्यातली उर्दूतही, जाणकारांना बसवून पानोपान वाचावी लागली. सापडलेल्या नोंदींच्या प्रती जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकल्या गेल्या. पण पानाची प्रतिमा संकेतस्थळावर असणे आणि त्यातले पणजोबांचे नाव टंकून शोधता येणे यांत फार मोठे अंतर आहे. एकदा जाणकाराने मोडी ओळ वाचली की ते वाचन त्या पानाशी जोडून मजकुराच्या रूपात साठवले पाहिजे. नाहीतर पुढच्या कारणासाठी, पुढच्या समितीसाठी, पुढच्या वारसासाठी तेच पान पुन्हा तितक्याच कष्टाने वाचावे लागेल, आणि मोडी वाचणारे तर दर वर्षी कमी होत आहेत.

मोडी मजकूर साठवायचा तर आणखी एक खबरदारी हवी. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत स्थान मिळाले. तिचे संकेत देवनागरीच्या बरेच पुढच्या टापूत आहेत, म्हणून यूटीएफ-८ मध्ये मोडीच्या प्रत्येक चिन्हाला चार बाइट लागतात. मायएसक्यूएल या जगभर वापरल्या जाणाऱ्या डेटाबेसमध्ये ‘यूटीएफ-८’ नावाने वर्षानुवर्षे जो प्रकार होता तो चिन्हामागे जास्तीत जास्त तीनच बाइट घेतो. चार बाइटांचा प्रकार २०१० मध्ये आला आणि २०१८ च्या आठव्या आवृत्तीपासून तो आपोआप निवडला जाऊ लागला. जुन्या पद्धतीने बांधलेल्या प्रणालीत देवनागरी अगदी नीट चालते, म्हणून कोणाला शंका येत नाही. मोडीचे एक चिन्ह आले की ती नोंद नाकारली तरी जाते किंवा तिथेच तुटते. ज्या लिपीत शतकानुशतके आपले महसुली दप्तर लिहिले गेले, त्या लिपीला सामावून घेणारा रकाना आपल्या प्रणालींत आहे का, हे विचारण्याचा हक्क मराठी माणसाला आहे.

प्रतिमा साठवण्याची एक सोपी पण वाईट सवय प्रोग्रामरांत फोफावली आहे. छायाचित्राचे बाइट बेस-६४ नावाच्या पद्धतीने रोमन अक्षरांत बदलायचे आणि ती लांबलचक स्ट्रिंग मजकुराच्या रकान्यात टाकून मोकळे व्हायचे. फक्त मजकूर वाहून नेणाऱ्या जुन्या ई-मेलमधून जोडपत्रे पाठवण्यासाठी ही पद्धत रूढ झाली. वाहतुकीसाठी ती आजही उपयोगी आहे. साठवणीसाठी ती खर्चिक आहे, कारण दर तीन बाइटांचे चार होतात. तीन टेराबाइट कागदपत्रांना चार टेराबाइट जागा, आणि तितकाच बोजा प्रत्येक बॅकअपवर. त्याहून मोठा धोका असा की मजकुराच्या रकान्याला मजकुराचे नियम लागतात. तो कापला जातो, एका संकेतातून दुसऱ्यात बदलला जातो, त्यातली मोकळी जागा छाटली जाते. नावात एक चिन्ह बदलले तर माणूस ओळखू शकतो. संकुचित केलेल्या प्रतिमेत एक बाइट बदलला तर अर्धे पान काळे होऊ शकते, आणि डिजिटल स्वाक्षरी असलेल्या सातबाराच्या फाइलमध्ये एक बाइट जरी बदलला तरी ती स्वाक्षरी पडताळणीत नापास होते. डेटाबेसांनी बायनरी विदेसाठी वेगळे रकाने याचसाठी दिले आहेत. मोठ्या फाइली डेटाबेसात ठेवाव्यात की बाहेर, यावर रसेल सीअर्स, कॅथरीन व्हॅन इंगेन आणि जिम ग्रे यांनी २००६ मध्ये मोजमापे करून दाखवले होते की २५६ किलोबाइटपेक्षा लहान वस्तू डेटाबेसात चांगल्या राहतात आणि एक मेगाबाइटपेक्षा मोठ्या फाइल-व्यवस्थेत. यंत्रे बदलली, आकडे थोडे सरकतील, पण मोजून ठरवण्याची ती शिस्त आजही अनुकरणीय आहे. फाइल कुठेही ठेवा, तिचा प्रकार, तिचा आकार आणि तिच्या सगळ्या बाइटांवरून गणिताने काढलेली हॅश ही छोटी खूण मजकुराच्या रकान्यात असलीच पाहिजे. दहा वर्षांनी फाइल उघडली तेव्हा ती तीच आहे की कोणी बदलली, हे त्या खुणेवरून काही क्षणांत सांगता येते.

दस्तनोंदणी खात्याने ही विभागणी फार पूर्वीपासून पाळली आहे, ही आश्वासक गोष्ट. खरेदीखताची स्कॅन केलेली प्रत एकीकडे आणि इंडेक्स टू मधला मजकूर, म्हणजे पक्षकार, मोबदला आणि गट क्रमांक, दुसरीकडे. दोघांना दस्त क्रमांकाने जोडलेले. शोध मजकुरात घ्यायचा, पुरावा प्रतिमेत पाहायचा. हे तत्त्व संगणकाच्या आधीचे आहे, म्हणूनच ते टिकाऊ आहे. याउलट अर्जासोबत कागदपत्रे जोडण्याची आजची रीत पाहा. संकेतस्थळ अमुक केबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही, म्हणून सेतू केंद्रावर ‘केबी कमी करून’ ती चढवली जाते आणि त्या दाबादाबीत शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची जन्मतारीखच पुसट होते. साठवण वाचवायची तर बेस-६४ चा तेहतीस टक्के फुगवटा आधी काढावा. अर्जदाराच्या पुराव्यावर कात्री चालवून जागा वाचवणे गैर आहे.

यावर आज एक आक्षेप हमखास येतो: कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे, ती कोणतीही प्रतिमा वाचेल, मग मजकूर वेगळा साठवण्याचा खटाटोप कशाला? यंत्रवाचन खूप सुधारले आहे आणि पुढे आणखी सुधारेल, यात शंका नाही. पण यंत्राने वाचलेले नाव हा अंदाज असतो. हस्तलिखितात ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांचा घोटाळा माणसाकडून होतो तसा यंत्राकडूनही होतो. फरक असा की यंत्र चुकले तरी थांबत नाही, पुढे जाते. तो अंदाज कोणी तपासला, कधी तपासला आणि कोणत्या पानावरून केला हे सोबत लिहिलेले नसेल, तर कलम १५७ चे संरक्षण एका अंदाजाला मिळेल. म्हणून यंत्रवाचन जरूर करा, मात्र त्याचा मजकूर वेगळ्या रकान्यात, ‘यंत्राने वाचलेला’ अशा नोंदीसह ठेवा, आणि मूळ प्रतिमेला हात लावू नका. उद्या चांगले यंत्र येईल तेव्हा त्याला पुन्हा वाचायला मूळ पान शाबूत मिळाले पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक विचार करायला लावणारा आहे. नावांचा एवढा घोळ आहे तर सरकारने एकच प्रमाण रूप ठरवावे आणि सगळीकडे तेच लादावे, असे काही जण म्हणतात. काही म्हणतात, नावे सोडाच, क्रमांकावर सगळे चालवा. देऊळघाटसारख्या गावात या सूचनेची मर्यादा लगेच दिसते. इथे मोठी मुस्लीम वस्ती आहे, शाळेत उर्दू आहे, कचेरीत मराठी आहे आणि बँकेत इंग्रजी. मोहम्मद हे एकच नाव मराठी कागदांवर मोहंमद, महंमद, महम्मद, मो. अशा रूपांत येते. शेख कधी शे. होऊन बसतो. उर्दूत लिहिले तर तिथेही अरबी कळफलकाची ‘ये’ आणि उर्दू कळफलकाची ‘ये’ यांचे संकेत वेगळे आहेत. यातले बरोबर रूप कोणते, हे मुंबईतल्या कचेरीने ठरवण्याचे कारण नाही. नाव ज्याचे आहे त्याचे ते आहे. त्याने दिले तसेच, त्याच अक्षरांत साठवावे, आणि शोधासाठी त्या नावावरून दुसरा रकाना यंत्राने तयार करावा. त्यात ऱ्हस्व-दीर्घ, ड-ढ, श-ष, अनुस्वार आणि म, अर्ध्या र चे दोन्ही संकेत हे सगळे एकत्र आणलेले असावेत. इंग्रजी नावांसाठी असा उच्चारावर आधारलेला शोध अमेरिकेत १९१८ मध्ये साउंडेक्स नावाने पेटंट झाला. मराठीसाठी तो आपल्या उच्चारांवर नव्याने बांधावा लागेल, आणि आपल्या विद्यापीठांना हे काम अवघड नाही. गावाची ओळख मात्र जरूर क्रमांकाने ठेवावी. केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला क्रमांक आहेच. तो धरून चालले तर देऊळघाट कसेही लिहिले तरी गाव बदलणार नाही. माणसाच्या बाबतीत क्रमांक मदतीला असावा, नावाची जागा त्याने घेऊ नये, कारण क्रमांक चुकला तर तो चुकला हे माणसाला वाचून कळत नाही. नाव चुकले तर कळते.

खासगीपणाचा मुद्दाही येतो. शोधता येणारा मजकूर म्हणजे गैरवापराला आमंत्रण, म्हणून प्रतिमाच बरी, असा तो युक्तिवाद आहे. मतदार याद्यांच्या बाबतीत निवडणूक आयोगाने हीच भूमिका घेतली आणि २०१८ मध्ये काँग्रेस नेते कमलनाथ यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने शोधता येणाऱ्या स्वरूपात यादी देण्याचा आदेश द्यायला नकार दिला. माझ्या मते प्रतिमेचा हा पडदा फसवा आहे. ज्याच्याकडे पैसा आणि यंत्रे आहेत तो प्रतिमांतून नावे काढून घेतोच. अडतो तो स्वतःचे नाव शोधणारा सामान्य माणूस. माहिती कोणी पाहावी, किती पाहावी आणि पाहिल्याची नोंद राहावी यासाठी प्रवेशाचे नियम करावेत. अक्षरे वाचता येऊ नयेत अशी व्यवस्था करून खासगीपणा राखला जात नाही, तपासणी तेवढी अशक्य होते.

राहिला खर्चाचा प्रश्न. कोट्यवधी नोंदी पुन्हा तपासायला मनुष्यबळ कुठून आणायचे, ही शंका खरी आहे. पण महाराष्ट्राने हे एकदा केले आहे. २०१७ मध्ये संगणकीकृत सातबारांचे चावडीवाचन झाले. छापलेली नोंद गावात मोठ्याने वाचायची, खातेदाराने ऐकून चूक सांगायची आणि तलाठ्याने ती टिपून घ्यायची. या पद्धतीला मोठ्या यंत्रणेची गरज लागत नाही आणि तिच्याइतकी विश्वासार्ह तपासणी दुसरी नाही, कारण ज्याचे नाव आहे तोच तपासणारा असतो. ती शक्य झाली याचे कारण एकच: नोंद मजकुरात होती, म्हणून छापता आली, खातेवार लावता आली आणि वाचता आली. स्कॅन केलेल्या हस्तलिखित पानांचे असे वाचन करायचे तर आधी प्रत्येक पान उलगडणारा जाणकार शोधावा लागेल.

महसूल, नोंदणी आणि माहिती तंत्रज्ञान या खात्यांनी मिळून मराठी विदेच्या साठवणीचा एक शासननिर्णय काढावा. चार बाइटांचा युनिकोड, चिन्हांत मोजलेली पुरेशी लांबी, अर्ध्या र साठी आणि ॲ साठी साठवणीचा एकच ठरलेला संकेत, मूळ नाव आणि शोधरूप यांसाठी वेगळे रकाने, प्रतिमांसाठी बायनरी साठवण आणि प्रत्येक प्रतिमेची हॅश, एवढ्या गोष्टी त्यात असल्या तरी पुष्कळ आहे. सरकारी निविदेत या अटी लिहिल्या की पुरवठादार त्या पाळतील. न लिहिल्या तर कोणी आपणहून पाळणार नाही. तोवर प्रत्येक खातेदाराने आपला सातबारा आणि आठ-अ एकदा अक्षर अक्षर लावून वाचावा, नाव, वडिलांचे नाव आणि गाव आधारशी ताडून पाहावे, आणि फरक आढळला तर हप्ता अडण्याची वाट न पाहता तलाठी कार्यालयात लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी.